पडून राहिली

नवी कोरी गाडी कामठी रोडच्या सिग्नलवर बंद पडायची. मागचे हॉर्न बडवायचे, मी किल्ली फिरवत बसायचो. शोरूममध्ये नेली की पहिल्या झटक्यात सुरू. "साहेब, गाडी तर मस्त आहे," असं ते म्हणायचे, जणू बिघाड माझ्यातच होता.

शेवटी कंपनीला फोन लावला. पुण्याकडची कुणी मुलगी बोलत होती. मी म्हटलं, "मॅडम, नवीन गाडी बंद पडून राहिली."

"सर, गाडी पडून राहिली की बॅटरी उतरते. रोज थोडी चालवत जा."

"अवो मॅडम, चालवतो तेव्हाच तर बंद पडून राहिली ना!"

आम्हा नागपूरकरांचं 'पडून राहिली' म्हणजे सारखी पडते आहे. तिच्या मराठीत तीच गाडी दारात धूळ खात उभी. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "तिले तुमचं बोलणं समजून नाही राहिलं." मग मी शाळेच्या पुस्तकासारखं शुद्ध बोललो. पण तोवर तक्रारीत 'गाडी वापरात नाही' असं चढलं होतं, आणि पुढे जो कोणी फोन उचलायचा तो मला गाडी चालवायलाच सांगायचा. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

हळूहळू चिडायचाही कंटाळा आला. जुनी स्कूटर बाहेर काढली, गाडीवर कव्हर टाकलं. परवा त्याच मुलीचा फोन आला.

"सर, गाडी कशी आहे आता?"

"पडून राहिली," मी म्हणालो.

या वेळी तिला बरोबर समजलं.