सोपे प्रश्न

आमचे नाडगीर वकील आपल्या प्रत्येक साक्षीदाराला एकच ताकीद द्यायचे. समोरचा वकील अवघड प्रश्न विचारील तेव्हा घाबरू नका, सोपा विचारील तेव्हा सावध व्हा, माणूस तिथेच सापडतो. तेवीस वर्षांत मी हे शेकडो वेळा ऐकलंय. मी रुक्मिणी, त्यांची टायपिस्ट. रोज सकाळी साडेआठला हुबळीच्या कमरीपेठेतून लॅमिंग्टन रोडवरच्या त्यांच्या ऑफिसात येते आणि ते सांगतील ते टाईप करते. मी पुढे ठेवलेल्या कागदावर ते न वाचता सही करायचे. एखादा पक्षकार चुळबुळ करायला लागला, तर म्हणायचे, बाईंनी बघितलंय ना, मग झालं.

प्रभंजन नाडगीर म्हणजे जमिनीच्या वाटण्यांचे वकील. वय अडुसष्ट, जीभ तिखट, आणि भावाभावांची थापेबाजी ऐकून कान असे तयार झालेले की खोटं बोलणारा माणूस जिन्यातच ओळखायचे. बायको लवकर गेली. दीपश्री ही एकुलती एक मुलगी. ती धारवाडला कायदा शिकली, सनद घेतली, आणि दोन वर्षांसाठी म्हणून अमेरिकेला गेली. ती विमानात बसायच्या आधीच तिच्यासाठी सागवानी खुर्ची आली, पाटीवर वडिलांच्या नावाखाली तिचं नाव रंगवून झालं. अकरा वर्षं राबलेल्या हणमंत या ज्युनियर वकिलानं एकदा भीत भीत भागीदारीचं विचारलं, तर "ती जागा दीपूची आहे" म्हणून त्याला गप्प केलं. त्यानं नवनगरात स्वतःचं ऑफिस काढलं. खुर्ची रिकामी राहिली, मी रोज पुसत राहिले.

दीपूला तिकडच्या वकिलीची परीक्षा द्यायची होती. वकीलसाहेबांनी जाडजूड पुस्तकं मागवली आणि कोर्टात जायच्या आधी रोज फोनवर तिची उजळणी सुरू केली. नोट्स मी टाईप करायची, त्यामुळे अमेरिकेची राज्यघटना मला फुकटात पाठ झाली. कायदे करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि तिघांनी एकमेकांची मानगूट धरलेली. संसदेचा कायदा रद्द करायचा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही, तो कोर्टानं स्वतःच ओढून घेतला. तिथे उरलेसुरले अधिकार राज्यांचे, आपल्याकडे केंद्राचे. शिकवताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की खाली पक्षकार ताटकळलेत हे सांगायला माझा जीव होत नसे. एकदा मला म्हणाले, "बाई, त्या घटनेत कुणाचा कुणावर विश्वास नाही, म्हणून ती टिकलीय." आणि तेवढ्यात मी दिलेल्या वकालतनाम्यावर न वाचता सही केली.

दीपू पास झाली, नोकरीला लागली. दोनाची चार वर्षं झाली. मग तिकडचाच नागरिक असलेल्या श्रीहर्षशी तिचं लग्न ठरलं. लग्नाला हुबळीत आली तेव्हा वडिलांनी स्पष्टच विचारलं. तिनं त्यांच्या पायांना हात लावून सांगितलं की पासपोर्ट बदलणार नाही, पाच वर्षांत येऊन त्या खुर्चीत बसेन. मी शेजारी अक्षतांचं ताट धरून उभी होते.

गेल्या वर्षी उजळणी पुन्हा सुरू झाली. ऑफिसातली परीक्षा आहे म्हणाली. या वेळी प्रश्न ती वाचायची आणि उत्तरं बरोबर आहेत का ते वडील सांगायचे. प्रत्येक राज्याचे सिनेटर किती. झेंड्यावर तेरा पट्टे का. तिथली सगळ्यात लांब नदी कुठली. वकीलसाहेब हसायचे, "वकिलाला नदी विचारतात? शाळेतली पोरं सांगतील हे." हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ बघत फोनची वाट बघायचे. लेकीचा आवाज रोज ऐकायला मिळत होता. सगळ्या हुबळीची उलटतपासणी घेणाऱ्या माणसानं तिला मात्र एक प्रश्न विचारला नाही.

मला कळलं होतं. दीपूनं तिच्या जन्मदाखल्याची प्रत माझ्याकडे मागितली, तेव्हा मी कशाला म्हणून विचारलं आणि तिनं सांगून टाकलं, ती परीक्षा तिकडच्या नागरिकत्वाची होती. मी चिडले. ती रडायला लागली. "अक्का, तू सुम्ने राहा. अप्पांना मीच सांगते." सुम्ने म्हणजे गप्प. मी गप्प राहिले. चार महिने.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी तिनं व्हिडिओ कॉल केला. मागच्या टेबलावर पेनांच्या डब्यात हातभर काडीचा, तेरा पट्ट्यांचा छोटा झेंडा खोचलेला होता. वकीलसाहेब बोलता बोलता थांबले. त्यांचा आवाज एकदम कोर्टातला झाला.

"शपथ कधी घेतलीस?"

तिनं मागे वळून झेंड्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "गुरुवारी, अप्पा."

"म्हण ती."

तिनं म्हटली. जन्माच्या देशावरची निष्ठा मी पूर्णपणे सोडते, इथपर्यंत आली आणि पुढचं सोडून म्हणाली, "अप्पा, ते नुसतं वाक्य असतं."

"मी चाळीस वर्षं वाक्यांवरच जेवलोय दीपू. नुसतं वाक्य म्हणजे काय ते मला सांगू नकोस."

"मी सांगणारच होते. अक्काला विचारा. तिला सगळं माहीत होतं."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन ठेवला आणि मला मजकूर सांगायला लागले. नागरिकत्व सोडल्यावर इथली सनद राहत नाही, म्हणून दीपश्री प्रभंजन नाडगीर यांचं नाव वकिलांच्या यादीतून कमी करावं, असा तिच्या सहीसाठी अर्ज आणि सोबत तिला पाठवायचं पत्र. आवाज जराही हलला नाही. मलाच दोनदा चष्मा पुसावा लागला.

टाईप करून मी पत्र सवयीनं पुढे ठेवलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट हळूच बाजूला केलं. चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि पहिल्या शब्दापासून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली.

आता ते माझा प्रत्येक कागद तसाच वाचतात.