डिंकाचे लाडू माझ्यासाठी

डिंकाचा खडा तुपात पडला की लाहीसारखा फुलतो आणि वास थेट जिन्यापर्यंत जातो. त्या वासानेच शेजारच्या काकू आल्या.

"कोण बाळंत झालं गं?"

"कोणी नाही. गेल्या आठवड्यात मी गर्भपात करून घेतला. लाडू माझ्यासाठी करतेय."

काकूंनी आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली. "हळू बोल. आणि हे बाळंतिणीचं खाणं असतं."

असेल. पण माझ्याही अंगावरून जातंय, माझीही कंबर धरते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, ताप आला, पोटात फार दुखलं किंवा रक्त जास्त जायला लागलं तर लगेच या, लाजत बसू नका. झीज भरून काढताना शरीर घरात पाळणा आहे का ते बघत नाही. ते माणसं बघतात. पाळणा असला तर शेक-शेगडी, नसला तर दुसऱ्याच दिवशी धुण्याची बादली उचलायची, तीही गुपचूप. मी नाही उचलणार.

दारातून काकूंनी हळूच विचारलं, "कंबर शेकतेस ना?"

"शेकते," मी मोठ्याने म्हटलं आणि खिडकी सताड उघडून डिंकाचा दुसरा घाणा तुपात सोडला.