बुटात हात घालून

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "लागलं की हो म्हणा." नायलॉनचा एक बारीक धागा ते माझ्या तळपायाला टेकवत होते. मी आयुष्यात कुठल्याच परीक्षेत कोरा पेपर दिलेला नाही. थोडा वेळ गेला की अंदाजाने "हो" म्हणायचो. सात-आठ वेळा हो म्हणून झाल्यावर डोळे उघडले, तर डॉक्टर खुर्चीला टेकून माझ्याकडे पाहत होते आणि धागा टेबलावर पडलेला होता.

"मी मघाशीच थांबलो," ते म्हणाले.

बारा वर्षांची शुगर. डोळे ठीक, किडनी ठीक, आणि घोट्याच्या खाली मात्र सगळं मुकं झालेलं. डॉक्टरांनी फार घाबरवलं नाही, फक्त क्रम सांगितला. खडा टोचेल, काटा रुतेल, फोड येईल, तुम्हाला कळणार नाही. जखम चिघळेल, तेही कळणार नाही. मग बोट जाईल, मग पाय. "मोटरसायकल सोडा," ते शेवटी म्हणाले.

मी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात मशीनवर आहे. घरी कोणी हळू बोललं तर मला ऐकू येत नाही, इतकी वर्षं त्या आवाजात गेली. वर्षभर तीन पाळ्यांत फिरायचं आणि थंडीत चार दिवस सुटी काढून कारखान्यातल्या एका मित्राबरोबर मोटरसायकली घेऊन निघायचं, एवढीच माझी चैन. वाघ पाहायला जाता का, असं लोक विचारतात. वाघ कशाला पाहायचा? आम्ही फक्त जातो. कधी सिरोंच्याकडे, कधी वडशाकडे, दोन गाड्या मागेपुढे, दिवसभर एकही अक्षर न बोलता. ते चार दिवस गेले तर उरलेल्या दिवसांचं काय करायचं हे मला खरोखर माहीत नव्हतं. मी डॉक्टरांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत. कागद पुढे ओढून त्यांनी लिहून दिलं: चांगले बूट, रोज सकाळी घालण्याआधी बुटात हात घालून पाहणे, रोज संध्याकाळी तळपाय आरशात पाहणे.

तोवर मी सँडल घालूनच फिरत आलो होतो. आमच्याकडच्या उन्हात बूट घालतो तो एक तर पोलीस, नाही तर नवरदेव. मोबाइलवर पाहिलं, तर गाडीवर फिरण्याचे बूट चंद्रावर जाणाऱ्यांसाठी केल्यासारखे दिसले. ते मागवून घरी घालून पाहायचे, आणि घालून पाहून मला कळणार काय?

म्हणून बायकोला घेऊन चंद्रपूरच्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे चाचा. पूर्वी स्वतः बूट शिवत, नंतर कोळसा खाणीतल्या कामगारांना बूट विकण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आम्ही सकाळी पोचलो तर त्यांनी परत पाठवलं. "शाम को आओ भाऊ. दिवसभर पाय फुगते. सकाळचा पाय खोटा असते." संध्याकाळी गेलो. त्यांनी पहिला जोड चढवला, अंगठ्यावर दाबलं, विचारलं, "कुठी दाबून राह्यलं का?"

"नाई, ठीक हाय."

दुसरा जोड. ठीक हाय. तिसरा जोड. तोही ठीक. मग चाचांनी दोन नंबर लहान बूट आणून दात-ओठ खात माझ्या पायात कोंबला. मी म्हटलं, ठीक हाय. चाचा मान वर करून माझ्याकडे पाहत राहिले.

"त्यांले काही कळत नाई पायाचं," बायको म्हणाली. "शुगर हाय."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनीही माझ्या पायांकडे पाहिलं. मला इतकी लाज वाटली की त्या लहान बुटांतच उठून बाहेर चालू लागावं असं वाटलं.

चाचांनी मात्र कीव केली नाही. त्यांनी एका खोक्याचं झाकण फाडलं, मला त्यावर उभं केलं, पेन्सिलीने दोन्ही पायांच्या कडा आखल्या आणि कात्रीने ते दोन पुठ्ठ्याचे पाय कापून काढले. "पायाले विचारून फायदा नाई," ते म्हणाले. "पुठ्ठ्याले विचारू." प्रत्येक बुटात ते पुठ्ठा सारायचे, थोडा वेळ ठेवायचे आणि काढून दाखवायचे. "ये देखो, करंगळीपाशी मुडपला. हा बूट तुमचं बोट खाऊन टाकीन." पाचव्या की सहाव्या जोडातून पुठ्ठा गेला तसाच सरळ बाहेर आला.

मग त्यांनी बाकीची परीक्षा घेतली. घोटा पूर्ण झाकला पाहिजे. तळवा वाकला पाहिजे, पण पिळला जाता कामा नये. डाव्या बुटावर गिअरच्या दांडीखाली येतं तिथे कातडं दुहेरी हवं. नाडी नको, दांडीत अडकते. चेन आणि वरून पट्टा असलेले घ्या. पाणी आत येणार नाही अशी त्यांनी हमी दिली. शेवटी त्यांनी बुटात हात घातला, आतली एकेक शिवण बोटांनी चाचपली आणि बायकोला म्हणाले, "बाई, आता तुम्ही पाहा. शिवण हाताले लागली तर नका घेऊ." बायकोने कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळ ती तशीच उभी होती. "घ्या," ती म्हणाली.

बूट मी घेतले, पण खरं सांगायचं तर पसंत तिने केले.

तेव्हापासून रोज सकाळी बुटात हात घालणं हे तिचंच काम झालं. एकदा खडा निघाला, एकदा नातवाच्या खेळण्याचं चाक निघालं. पहिले काही दिवस मला त्याचा राग यायचा. मग सवय झाली, आणि सवय झाल्यावर मी इतका निर्ढावलो की नवरदेवासारखे पाय पुढे करून बसू लागलो. संध्याकाळी आरसाही तीच धरायची.

जानेवारीत मी आणि मित्र निघालो. पहिला मुक्काम वडशाच्या पुढे माझ्या मोठ्या बहिणीच्या गावी. तिला आम्ही बाई म्हणतो. बाईला मी पायाचं काहीच सांगितलेलं नव्हतं. आमच्या आईचा पाय याच शुगरने गुडघ्यापासून गेला, आणि ती असेपर्यंत तिचं सगळं बाईने केलं. तिला कळलं असतं तर तिने गाडीची चावी लपवली असती, आणि तिच्यापुढे माझं काही चालत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प राहिलो. नवे बूट कशाला, तर फॅशन, असं सांगायचं मी वाटेतच ठरवलं होतं.

गावाच्या अलीकडे रपट्यावरून, म्हणजे रस्त्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, नहराचं पाणी वाहत होतं. मित्र पार झाला. माझी गाडी मधेच बंद पडली, म्हणून उतरून ढकलावी लागली. पाणी बुटांच्या वरच्या तोंडातून आत गेलं. चाचांची हमी खरीच होती. त्या बुटांच्या कातड्यातून पाणी आत येत नव्हतं, आणि आत आलेलं बाहेरही जाऊ देत नव्हतं. बाईच्या दारात बूट उलटे केले तर दोन तांबे पाणी निघालं. बाई पोट धरून हसली.

"दे इकडं. सकाळपर्यंत कोरडे करून देतो," ती म्हणाली. तिकडे बायकाही 'देतो, करतो' असंच बोलतात.

धानाच्या मुलखात ओलं काहीही वाळवायचं तर तणीस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा. थंडीत तणसावर झोपायचं, आंबे तणसात पिकवायचे, ओली पायताणं तणसाने भरून ठेवायची. रात्रीतून ते सगळी ओल पिऊन टाकतं. बाई अंगणाच्या कडेला ढिगाकडे गेली. गुरं तोंड घालू नयेत म्हणून ढिगाभोवती बाभळीच्या काट्या, काटेरी फांद्या, रचलेल्या होत्या. तिने एक काटी पायाने बाजूला सारली, दोन कवळे तणीस ओढलं आणि माझे बूट ठासून भरले. मी ओसरीवर बसून चहा पीत हे सगळं पाहत होतो. इतके लाड माझे आता कोणी करत नाही, असं मनात आलं आणि बरं वाटलं.

सकाळी तिने सगळं तणीस उपसून काढलं आणि बूट माझ्यापुढे आणून ठेवले. कोरडे ठणठणीत, आणि धानाचा वास येणारे. इथे बायको नव्हती, म्हणून माझाच हात बुटाकडे गेला. बाई समोरच कमरेवर हात ठेवून उभी होती. आता मी बुटात हात घालून चाचपू लागलो तर ती विचारणार, काऊन रे, माह्यावर भरवसा नाई का? मग मी काय सांगणार? मी हात मागे घेतला. दोन्ही बूट उलटे करून उंबऱ्यावर आपटले. तणसाच्या चार काड्या पडल्या. विंचू असता तर पडला असता. मी बूट घातले, चेन ओढली, पट्टा आवळला.

"हळू जाजो, बाबू," बाई म्हणाली.

त्या दिवशी आम्ही गडचिरोलीवरून आष्टी आणि पुढे आलापल्लीला गेलो. सागाच्या जंगलातून गाडी अशी चालली होती की उतरूच नये. मोठमोठी पानं रस्त्यावर वाळून पडलेली, त्यांच्यावरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखा आवाज. वाटेत दोनदा उतरून चाललो, एकदा तर नुसतंच झाडं पाहत कोसभर चाललो असेन. मला फार आनंद झाला होता. आजही तो दिवस माझ्या चांगल्या दिवसांतला एक आहे, आणि या गोष्टीचा मला राग येतो.

आलापल्लीच्या लॉजवर एकच खोली, दोन खाटा. आरसा बॅगेत होता. पण मित्रासमोर पाय उलटा करून त्यात आरसा धरून बसायचं मला जमेना. थंडीही होती. मोजे न काढताच झोपलो. दुसऱ्या दिवशी तेच बूट, तेच मोजे, आणि गोंडपिपरीवरून घर.

घरी बायकोने बूट ओढला. उजवा मोजा निघेना. तिने कोमट पाण्यात पाय बुडवला, तर घमेल्यातलं पाणी तांबूस झालं. मी वरून पाहत होतो, जणू दुसऱ्याच कोणाचा पाय धुतला जातोय. मला काहीही दुखत नव्हतं. ती रडत होती आणि मला दुखत नव्हतं.

डॉक्टरांनी अंगठ्याखालून बाभळीचा काटा काढला. अख्खा आत गेला होता. पंधरा दिवस सुया, औषधं, रोजचं ड्रेसिंग झालं, तरी अंगठा काळा पडत गेला आणि काढावा लागला, सोबत शेजारचं बोटही. जिवावरचं शेपटावर निभावलं, असं भेटायला येणारे सांगत. बूट किती चांगले आहेत हेही सांगत. आणि ते खरंच चांगले होते. बाहेरून त्यांच्यातून काही आत येऊ शकलं नसतं.

बाईला मी फोनवर नखुरडं झालं म्हणून सांगितलं. बायकोला आणि मित्रालाही तशी तंबी दिली. तणसाचं तिला कळू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. आईचं एवढं करून थकलेल्या बाईच्या डोक्यावर हे कशाला?

पण ती न कळवता वडशाहून रेल्वेने आली. दुपारची वेळ होती. बायको औषध आणायला गेली होती. बाई खाटेजवळ खुर्ची ओढून बसली, पट्टी बांधलेल्या पायाकडे पाहत राहिली.

"कशानं झालं रे?"

"नखुरडं, बाई. सांगतलं ना."

तिने पट्टीची सुटलेली कड नीट खोचली. मग म्हणाली, "काटा होता ना?"

मी खिडकीकडे पाहू लागलो.

"त्या दिवशी बुटातलं तणीस काढतानी माह्या हाताले एक काटा टोचला होता," बाई म्हणाली. "मीनं काढला अन् फेकला. वाटलं, एकच असन. अन् असला आणखी, तर पाय टाकल्याबरोबर तू वरडशीन, काढून फेकशीन. काटा काय कोणाले समजत नाई का, बाबू? मीनं दुसऱ्यांदा हातच नाई फिरवला."

"बाई, तसं नाई..."

"आईचा पाय असाच मुका झाला होता. दोन वर्षं मी रोज तिच्या चपला तपासत होतो. तुनं मले एका शब्दानं सांगतलं असतं, त मी दहा वेळा हात फिरवला असता. काऊन नाई सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर होतं. चार दिवस गाडीवर फिरायला मिळावं म्हणून. पण ते तिच्यासमोर तोंडातून निघेना. ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. तुझी चूक नाही, एवढं तरी मी म्हणायला हवं होतं, पण ते म्हटलं असतं तर मग चूक कोणाची हेही सांगावं लागलं असतं, आणि ती रडत होती तेवढा वेळ मी नुसता पडून राहिलो.