बोंबील मोजून, जवळा मापाने

मुलगा परदेशात असतो. त्याच्या पोरीला मराठी येत नाही आणि मी चौथी शिकलेली. रविवारी फोनवर आम्ही दोघी नुसत्या एकमेकींची तोंडं बघायचो. शेवटी मी शेजारच्या मास्तरणीकडे गेले. म्हटलं, "मला दोन प्रश्न शिकव. नातीशी बोलायचं हाय."

ती म्हणाली, "काकी, सुके बोंबील तुम्ही मोजून विकता, तिथे हाऊ मेनी. जवळा मापाने देता, तिथे हाऊ मच."

"एवढंच व्हय? मग मी उगाच शाळा सोडली."

रविवारी नातीला विचारलं, "हाऊ मेनी फ्रेंड्स?"

"थ्री."

"हाऊ मच राईस?"

तिने चिमूट करून दाखवली आणि हसली. पहिल्यांदाच ती फोन सोडून पळाली नाही. उलट तिनेच विचारलं, "आजी, हाऊ मेनी पीपल इन युअर हाऊस?"

"वन."

तिला वाटलं, आजी चुकली. "वन?" तिने परत विचारलं. मी एक बोट वर करून दाखवलं. तेव्हा मुलाने तिच्या हातातून फोन घेतला आणि तिकडे थंडी किती पडली आहे ते मला सांगू लागला.