शेंदराखालचा नंबर

वनमालावहिनीला काळं पडलेलं पितळ बघवत नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली तरी तिची नजर आधी समईवर जाते, आणि निघताना ती यजमानिणीला सांगणार, "रात्री जरा चिंच भिजत घाला ना, काकू. झकास निघेल." ती माझी भावजय. बोरीवलीला आमचे ब्लॉक एकाच मजल्यावर, त्यामुळे माझी भांडीही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. मला याचा राग येतो. माझ्या निरांजनाचं तोंड काळं असेल तर ते माझं मी बघेन ना! पण वहिनीला हे सांगून काही उपयोग नाही. ती हसते आणि निरांजन पदराखाली घालून घेऊन जाते.

तिच्या या खोडीपायी चौऱ्याऐंशी साली माझ्या भावाची नोकरी जायची वेळ आली होती.

श्यामकांतदादा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. भित्रा म्हणावा इतका सरळ माणूस. आयुष्यात त्याने हौस केली ती एकच. मढला सिनेमावाले शूटिंगसाठी भाड्याने घेतात तसल्या एका बंगल्याच्या शेडमध्ये एक जुनी काळी मॉरिस उभी होती. म्हातारे मालक वारले होते, मुलगा कॅनडाला निघाला होता. त्याने गाडी दादाला विकली आणि तो विमानात बसला.

गाडी सोसायटीत आली त्या दिवशी दादाने बॉनेट उघडून आम्हांला आतली पितळी पट्टी दाखवली. चार खिळ्यांनी ठोकलेली, वीतभरही नसेल. वरच्या ओळीत तीन अक्षरं होती, शेंदराखालूनही उमटून दिसणारी. दादा शिकवणीतल्या मास्तरासारखा बोट ठेवून सांगू लागला. "हे पहिलं अक्षर मॉडेलचं. दुसरं चार दारांचं. आणि हे तिसरं रंगाचं. कारखान्यातून निघाली तेव्हा ही गाडी हिरवी होती."

"काळी तर आहे," मी म्हटलं.

त्याने दाराच्या बिजागरीपाशी नखाने खरवडलं. काळ्या रंगाखालून खरंच हिरवा निघाला. दादाला झालेला आनंद मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

खालच्या ओळीतला चासी नंबर मात्र वाचता येत नव्हता. मालक ख्रिस्ती, पण त्यांचा ड्रायव्हर आमच्या कोकणातला. तो दर दसऱ्याला गाडीची पूजा करताना त्या पट्टीवर तेलात कालवलेला शेंदूर चोपडायचा. वर्षानुवर्षं थर बसून खालच्या ओळीवर त्याचं जाड कवच झालं होतं. देवाचा शेंदूर खरवडायला दादाचा हात होईना. "दसरा होऊन जाऊ दे, मग बघू," असं म्हणून त्याने बॉनेट बंद केलं.

खंडेनवमीला वहिनीने घरातली विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, सगळं पूजेसाठी घासूनपुसून काढलं आणि उरलेली चिंच घेऊन ती खाली गेली. आधी तिने कोमट तेल सोडून कवच सैल केलं. ते अख्खंच्या अख्खं निघून आलं. मग चिंच, मीठ, विटकरीची पूड आणि काथ्या. पट्टी सोन्यासारखी लखलखली. मीसुद्धा म्हटलं, वा!

दसऱ्यानंतर गाडी दादाच्या नावावर करून घ्यायला आम्ही आरटीओत गेलो. तिथून परस्पर गोराईला जायचं वहिनीने ठरवलं होतं, म्हणून ती पिशवी घेऊन मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती. खानोलकर नावाच्या इन्स्पेक्टरांनी बॉनेट उघडलं. चासीवर ठोकलेला आकडा गंजून गेला होता, म्हणून त्यांनी पट्टीवर कागद धरून पेन्सिल फिरवली. कागद उजेडात धरला. मग पुन्हा वाकून पट्टीकडे बघत राहिले.

"ही पट्टी कोणी घासली?"

"घरीच... दसरा होता ना," दादा म्हणाला.

"हा शेवटचा तीन बघा. डावीकडून घासलाय. इथे आधी आठ होता, त्याचा तीन केलाय. चोरीच्या गाड्यांचं असंच करतात. विकणारा कुठाय?"

"कॅनडाला."

"वा! गाडी इथेच राहील. मला पोलिसांत कळवावं लागेल."

सरकारी नोकराने चोरीचा माल घेतला म्हटल्यावर पुढे काय होतं, ते दादाला पाठ होतं. त्याच्याच टेबलावरून माणसांच्या निलंबनाचे कागद जायचे. तो वळला आणि चारचौघांत वहिनीवर ओरडला, "कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? दिसलं पितळ की घास! वाट लावलीस माझी!"

इतक्या वर्षांत दादाचा चढा आवाज मी ऐकला नव्हता. वहिनी गाडीतून उतरून उभी होती. ती रडेल असं मला वाटलं. पण तिने पिशवीत हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते शेंदराचं कवच बाहेर काढलं.

"हे त्याच्यावरचं," ती म्हणाली.

"हे कशाला ठेवलंय?" खानोलकरांनी विचारलं.

घाबरली की वहिनीच्या तोंडून माहेरची मालवणी बाहेर पडते. "देवाचो शेंदूर तो. कचऱ्यात कसो टाकूचो? गोराईक समुद्रात सोडूचो आसा."

खानोलकरांनी कवच उलटं केलं. आतल्या बाजूला अक्षरांचा नि आकड्यांचा ठसा उमटला होता, पण उलटा. ते गाडीच्या बाजूच्या आरशापाशी गेले आणि कवच आरशासमोर धरलं. आम्ही तिघं त्यांच्या पाठीमागून डोकावत होतो. आरशात आधी तीन अक्षरं दिसली, मग एकेक आकडा. शेवटचा तीन होता. चांगला ठळक, उघड्या तोंडाचा तीन.

तरी त्यांचं समाधान होईना. त्यांनी ते कवच पट्टीवर ठेवून पाहिलं. चारही खिळ्यांच्या डोक्यांवर त्याचे चार खळगे बरोबर बसले. फुटलेल्या कडेवर शेंदराचे थर मोजता येतील इतके स्पष्ट दिसत होते.

"इतके दसरे कोणी एका दिवसात करत नाही," खानोलकर म्हणाले. त्यांनी सही केली. मग कवच फायलीला जोडायला मागितलं, तेव्हा वहिनीने मान हलवली. आताच जीव भांड्यात पडला होता, आणि ही बाई इन्स्पेक्टरला नाही म्हणत होती! मी तिला चिमटा काढला. खानोलकरांनी तिच्याकडे पाहिलं, कवच कपाळाला लावलं आणि परत केलं.

गोराईला वहिनीने गुडघाभर पाण्यात जाऊन कवच सोडलं. माफी मागणं दादाला कधीच जमलेलं नाही. त्या दिवशीही जमलं नाही, आणि मला त्याची भयंकर चीड आली.

पुढच्या खंडेनवमीला मी खिडकीतून पाहिलं. दादाने बॉनेट उघडलं होतं. वहिनी चिंचेची वाटी घेऊन जिना उतरली आणि पट्टीपासून दोन हात लांबच थांबली. दादाने तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि कालवलेल्या शेंदराची वाटी तिच्यापुढे धरली.

"तूच लाव गं," तो म्हणाला. "जाड लाव."