रूबीबाईंच्या पदाचं शेवटचं कडवं

रविवार, ११ जानेवारी १९५९, पनवेल. सकाळी थंडी. पापड वाळत घातले. संध्याकाळी सिनेगॉगच्या अंगणात कीर्तन. रूबीबाईंचं पद मधेच तुटलं.

शेजारच्या रूबीबाई बायकांची झंपरं शिवायच्या आणि मशीन चालवता चालवता कीर्तनाची पदं रचायच्या. आम्हा बेने इस्राएल ज्यूंत पदं हातोहात फिरत. ज्याला आवडेल त्यानं वहीत लिहून घ्यावं. रूबीबाईंची अट एकच. शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव गुंफलेलं असे, ते गाळायचं नाही. त्यांना मूलबाळ नव्हतं. "माझ्यामागं नाव घेणारं हे एवढंच," म्हणायच्या.

त्या संध्याकाळी त्यांनी बाळाला नदीत सोडणाऱ्या आईचं पद धरलं. पुढं बसलेली छोटी हेप्झिबा मोठ्यानं म्हणाली, "मावशी, हे तर इनॉकसरांचं!"

तिच्या हातात छापील पुस्तिका होती. रूबीबाईंचा भाचा इनॉक शब्बाथशाळेत मुलांना धर्म शिकवी. त्यानंच ती दाराशी विकायला ठेवलेली. कवी म्हणून वर त्याचं नाव. मी पानं उलटली. सगळी पदं रूबीबाईंची, आणि शेवटचं कडवं एकालाही नाही. कॉन्व्हेंटमध्ये दुसऱ्याची एक ओळ घेतली तरी नन आम्हांला त्याचं नाव लिहायला लावत.

"कडवी पानात बसेनात, आत्या," दाराशी उभा इनॉक हसला. "आपल्यात सगळेच लिहून घेतात की!"

"तुझं नाव बरं बसलं रे?" रूबीबाई म्हणाल्या.

कोर्टात कारकून असलेले सॅमसनभाऊ उठले. "अभ्यासाला वहीत उतरव, निबंधात चार ओळी नावानिशी दे, कोण अडवतंय? पण अख्खी पदं छापून विकायची तर रचणाऱ्याची परवानगी लागते. गेल्या वर्षी नवा कायदा लागू झालाय, मास्तर."

इनॉकचं हसू मावळलं. "माझ्यावर खटला करणार, आत्या?"

ज्या पोराला त्यांनी मांडीवर वाढवलं, त्याच्या तोंडी हे!

रूबीबाई त्याच्याकडं न बघता मुलांकडं वळल्या. "वह्या काढा रे." मग एकेक ओळ थांबत थांबत त्यांनी शेवटचं कडवं गायलं. स्वतःच्या नावाची ओळ दोनदा म्हटली. मुलं लिहीत होती. इनॉक पुस्तिकांचा गठ्ठा उचलून निघून गेला.

घरी येऊन रोजनिशीत लिहिलं: आत्या-भाचा जेवायला येणार होते, रूबीबाई एकट्याच आल्या. तांदळाच्या भाकऱ्या उरल्या, त्या सकाळी न्याहारीला.