घडीत न बसलेला अर्धा भाग

दुसरीतली मुलं त्यांना घडीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण कानावर पडेल इतक्या मोठ्यानं. सव्वीस वर्षं बाईंनी एकच कसोटी शिकवली होती: कागदाची घडी घाला, कडेवर कड बसली की भाग सारखे. आणि काय ऐटीत शिकवत! कागद दोन बोटांत उंच धरायचा, क्षणभर थांबायचं, मग खटकन घडी. अख्खा वर्ग श्वास रोखून बघे.

त्या दिवशी शिंप्याच्या मुलीनं, सगळे तिला भिंगरी म्हणत, लांबट चौकोनी कागद या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरका कापला.

"झाले दोन अर्धे!"

बाईंनी पुस्तक मिटावं तसा एक तुकडा दुसऱ्यावर पाडला. टोकं बाहेर आली.

"हे अर्धे? याला तर कान फुटलेत की गं!"

वर्ग खोखो हसला.

"तसं नाही बाई, फिरवून ठेवायचा. आमचे बाबा झग्याच्या घेराच्या तिरप्या कळ्या अशाच कापतात."

"मग बाबांशेजारी मशीनवरच बस! इथं कशाला येतेस?"

हशा दुप्पट झाला. टाळी घेणारं वाक्य होतं ते. भिंगरी खाली बसली.

मधल्या सुट्टीत कपटे गोळा करताना तेच तुकडे बाईंच्या हाती आले. सहज म्हणून त्यांनी एक तुकडा अर्धा गोल फिरवून दुसऱ्यावर ठेवला. कोपऱ्यावर कोपरा, कडेवर कड. केसभर फरक नाही. बाईंची कानशिलं तापली. असे किती कागद आजवर त्यांनी केरात घातले असतील? शिक्षकांच्या खोलीत चहा पुढ्यात गार झाला, पण कोणाला सांगायला तोंड उघडेना.

दुसऱ्या दिवशी हजेरीआधीच त्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या.

"काल भिंगरी बरोबर होती. मी चुकले." त्यांनी तुकडा फिरवून, जुळवून दाखवला.

पहिल्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मग तुम्ही तिला चिडवलंत का?"

"मला कळलं नव्हतं म्हणून." बाई थांबल्या. "आणि तुम्ही सगळे हसलात, ते मला आवडलं म्हणून."

बाईंनी भिंगरीपुढे कोरा कागद आणि कात्री ठेवली.

"काप बाळा, तुला हवा तसा."

भिंगरीनं कात्री उचलली, कागदाला टेकवली आणि तिथंच थांबली.

"घडी घालूनच कापू ना, बाई?"

बाईंना तिच्याकडे बघवेना.